लंडनच्या प्रयोगशाळेतून: पेशींची पहिली हाक

मी लंडनमध्ये विषाणूंवर काम करते हे कळलं की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावं?" मला मात्र ती किती आहे यापेक्षा ती वेळेवर जागी होते का, हा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

आमच्याकडे नेहमी चालणारा एक प्रयोग सांगते. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत पेशींचा सलग थर वाढवायचा, त्यावर विषाणू सोडायचा आणि दोन-तीन दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं. जिवंत पेशी गडद जांभळ्या दिसतात. विषाणूने जिथे पेशी मारल्या तिथे गोल भोकं पडतात. शेजारच्या खळग्यात आदल्या रात्री इंटरफेरॉन नावाचं प्रथिन घातलं असेल, तर भोकं अगदी मोजकी. विषाणू तोच, पेशीही त्याच! कितीदाही पाहिलं तरी मला याचं अप्रूप वाटतं.

इंटरफेरॉन सापडलं तेही याच शहरात. १९५७ साली मिल हिलच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. मग त्या द्रवात ताजे तुकडे घालून जिवंत विषाणू सोडला, तर तो वाढेना. लागण झालेली पेशी हे प्रथिन बाहेर सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. त्या शेकडो जनुकं कामाला लावतात आणि विषाणूला आपल्या नकला काढणं अवघड होतं. नव्या विषाणूविरुद्ध पुरेशा अँटिबॉडी तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. ही हाक काही तासांतच जाते.

फ्लूमध्ये अंग मोडून येतं, ग्लानी येते, त्यातलं बरंचसं या हाकेमुळेच. हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यावी लागत. फ्लू नसतानाही रुग्णांना ताप, अंगदुखी आणि काहींना नैराश्यही येई. आता विषाणूच्याच प्रथिनांना अडवणाऱ्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

हाक दबली तर काय होतं, ते २०२० मध्ये दिसलं. करोनाचा जीवघेणा न्यूमोनिया झालेल्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १० टक्के जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. उलट एमआरएनए लशींसाठी ही हाक मुद्दाम मंद करावी लागली. या लशींत आरएनए हा रेणू असतो, आणि बाहेरून आलेला आरएनए दिसताच पेशी खवळतात. त्यातल्या युरिडिन या घटकाच्या जागी त्याचंच जरा बदललेलं रूप, स्यूडोयुरिडिन, घातलं की त्या शांत राहतात, हे शास्त्रज्ञ कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं. त्या कामाला २०२३ चं नोबेल मिळालं.

इंटरफेरॉन लागणीच्या सुरुवातीला मिळालं तर विषाणू आवरतो. उशिरा दिलं तर फुफ्फुसातला दाह वाढू शकतो. औषध म्हणून ते द्यायचं, तर यांतली योग्य वेळ गाठणं हीच खरी अडचण आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तो लक्षणं दिसू लागल्यावर, आणि विषाणू त्याआधीच कामाला लागलेला असतो.