हॉर्न

बेळगावात गाडी चालवायची तर ब्रेकपेक्षा हॉर्न चांगला लागतो. माझा तर फारच चांगला होता.

गेल्या डिसेंबरात पुण्याची चार माणसं तंबू घेऊन आली. दोन दिवसांचं भाडं. सकाळी घटप्रभेवरचा धुपदाळ बंधारा, संध्याकाळपर्यंत खानापूरचं जंगल. धुपदाळच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामागं पाणी लांबवर पसरलंय, १९७४ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. मध्य आशियाकडून आलेले करकोचे रात्री पाण्यात उभे राहतात आणि उजाडलं की हरभऱ्याच्या रानात उतरतात. शेतकऱ्यांना त्यांचं कौतुक कमीच. आम्ही पोचलो तेव्हा थवा अजून पाण्यातच होता. तेवढ्यात वाटेत शेळी आडवी आली आणि माझा हात सवयीनं हॉर्नवर गेला. अख्खा थवा उडाला.

"दादा, आता परत हॉर्न वाजवू नका हो," मागच्या ताई म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी खानापुरात जेवून हेमाडग्याच्या रस्त्याला लागलो. तिथलं भीमगडचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं. आत तंबू ठोकता येत नाही, म्हणून शिरोलीत ओळखीच्या घरी अंगण ठरवलेलं. काकांना बारापेड्याच्या गुहेतली वटवाघळं बघायची होती. ही जात एके काळी जगात तिथंच आहे असं मानत. पण गुहेत असं कुणालाही सोडत नाहीत. मग नुसतं पुढं जाऊन परत फिरू, असं ठरलं.

परतताना ऊन कलत आलं होतं. वळणावर गवे. सात-आठ माद्या, दोन पिल्लं आणि रस्त्याच्या मधोमध काळाभोर नर. गाडी थांबवली. स्टिअरिंग सरळ करताना तळवा हॉर्नला नुसता लागला, आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. हॉर्नचा करंट चालू-बंद करणारा रिले चिकटला होता.

नर हळूच वळून आडवा झाला. काका कॅमेरा काढत म्हणाले, "चालला बघा." चालला कुठला! गवा आडवा उभा राहतो तो अंगाचा डोंगर दाखवून दम द्यायला. टनाभराचं जनावर, पाठीवरचं वशिंड नुसतं ताठलेलं. बॉनेट उघडायला खाली उतरायची सोय नव्हती. स्टिअरिंगखाली हात घालून फ्यूज चाचपले. वरची अक्षरं कधीच पुसलेली. पहिला ओढला, आतला दिवा गेला. दुसरा ओढला, टेप गेला. हॉर्न चालूच. तिसऱ्याला गप्प झाला.

मग इतकी शांतता की मागच्या पोराचं गिळणं ऐकू आलं. नरानं शिट्टीसारखं फुसकारलं. पिल्लं त्याच्या आडून पलीकडं गेली, मग माद्या. तो मात्र तसाच उभा, बांबूत उतरला तो सगळ्यांत शेवटी. कुणी फोटो काढला नव्हता.

नाक्यावरच्या गार्डला कन्नडमध्ये सगळं सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "काटीला साईड मागितलीस काय?" काटी म्हणजे गवा.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना स्टेशनवर सोडलं. रिले अजून बदलायचाच होता. खडेबाजारातून घरी जाताना काच खाली करून ओरडत होतो, "ओ मामा, जरा बाजूला व्हा की!" मामा काही हलले नाहीत.