‘दारी’ असे आम्ही घरी बोलत नाही

वाचनालयात येणाऱ्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी दर आठवड्याला कवितेचा वर्ग घ्यायचे मी कबूल केले, तेव्हा मुलांना लिहिते करणे अवघड जाईल आणि लिहिलेले वाचून दाखवणे आपोआप होईल, असा माझा समज होता. झाले नेमके उलटे.

पहिल्या दिवशी फळ्यावर ‘पाऊस’ हा विषय लिहिण्याची चूक मी केली आणि चौदा वह्यांतून ‘पाऊस’ला ‘हौस’ जोडलेली जवळजवळ एकच कविता चौदा वेळा परत आली. पुढच्या खेपेस विषय न देता मी टेबलावर एक गंजलेले कुलूप ठेवले आणि यमकाचा विचार न करता, दिसते तेवढेच लिहा, असे सांगितले. बराच वेळ सगळे पेन्सिली चावत बसले. मग अकरा वर्षांच्या एका मुलीने दोन ओळी लिहिल्या: ‘किल्ली गिळून बसले, कुलूप आता बोलेना’. दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांच्या आहेत, हे तिच्या गावीही नव्हते. त्यामुळे अष्टाक्षरी शिकवायला निमित्तच मिळाले: ओळीत आठ अक्षरे, जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. पुढे मोठ्या अभंगाचे तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारांचा आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत, हे गणित मुलांनी बोटांवर मोजत आनंदाने सोडवले. पाच-सात-पाच अक्षरांच्या हायकूचा प्रयोग मात्र फसला, कारण बहुतेकांनी एक सरळ वाक्य तीन तुकड्यांत तोडून आणले. तिसऱ्या ओळीत नजर वळावी लागते, हे मला नीट समजावता आले नाही.

मोजण्याच्या या नादातच माझ्या हातून खरी चूक घडली. बारा वर्षांच्या एका मुलाने लिहिले होते: ‘बाबांची चप्पल दारात, ती पण झोपली उलटी’. ओळी नऊ-नऊ अक्षरांच्या होत्या. मी उत्साहाच्या भरात त्या ‘बाबांची चप्पल दारी, तीही झोपली उलटी’ अशा आठांत बसवल्या आणि त्याला न विचारता वर्गात वाचल्या. तो म्हणाला, “‘दारी’ असं आम्ही घरी बोलत नाही. ही माझी नाही.” त्याचे म्हणणे बरोबर होते. ‘ती पण’ या दोन शब्दांत बाबाही झोपले आहेत आणि कसे झोपले आहेत, हे सारे आले होते. माझ्या ‘तीही’ने ते व्याकरणशुद्ध करून घालवले. त्यानंतर दोन आठवडे त्याने वही उघडली नाही आणि मी तांबडे पेन पिशवीतून काढून ठेवले.

वाचनाची भीती घालवण्यासाठी आम्ही एक खोके ठेवले. कविता नाव न घालता त्यात टाकायची, दुसऱ्याने ती वाचायची आणि कवीने वाटल्यास शेवटपर्यंत गप्प राहायचे. ऐकणाऱ्यांना ‘छान’ म्हणायला बंदी होती. कोणता शब्द लक्षात राहिला, एवढेच सांगायचे. ही बंदी मोठ्यांनाच अधिक जाचक वाटली.

युनेस्कोने 1999 मध्ये 21 मार्च हा जागतिक कविता दिन ठरवला; आम्हीही पालकांसमोरच्या वाचनासाठी तोच दिवस निवडला. नऊ मुलांनी स्वतः वाचले, दोघांनी आपल्या कविता मित्रांकडून वाचून घेतल्या आणि तिघे नुसते ऐकत बसले. “वाच ना, घरी तर वाचतोस,” असा आग्रह धरणाऱ्या एका आईंना थांबवणे, हे त्या दिवसाचे सर्वांत नाजूक काम ठरले.

चपलेची कविता लिहिणारा मुलगा शेवटी उठला. वडील मागच्या रांगेत होते. त्याने आपल्या मूळ ओळी, ‘ती पण’वर किंचित थांबून, वाचल्या. मी सवयीने मांडीवर बोटे मोजली; अक्षरे नऊच भरली.