आमची वाटचाल : पाणी न लागलेल्या विहिरीचे दगड

आम्ही दोघं नवरा-बायको विहिरी-खाणींतून निघालेल्या दगडांचे चांदीचे दागिने करतो. त्याची सुरुवात अशी. २०१३ च्या उन्हाळ्यात माझ्या माहेरी, भोकरदन तालुक्यात, भावानं विहीर खोदायला घेतली. ते साल जालना जिल्ह्यातला कुठलाच शेतकरी विसरणार नाही. मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, लोकांनी उभी झाडं तोडून सरपणाला घातली. भावाचीही दीडशे झाडं होती. वरचा मुरूम लवकर निघाला, मग मांजऱ्या लागला, त्याखाली काळा पाषाण. सुरुंग लावायचे, यारीनं डबर वर काढायचं, पुन्हा सुरुंग. ५५ फुटांवर जे डबर वर आलं, त्या दगडांच्या पोटात कोनाडे होते. कोनाड्यांत अबोलीच्या फुलाच्या रंगाचे चकचकीत पापुद्रे, गव्हाची पेंढी मधोमध बांधावी तसे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी उभे.

भाऊ काठावर उकिडवा बसला होता. म्हणाला, “अक्का, काचाच निघू लागल्या. पाणी काही निघंना.”

बी.एस्सी.ला माझा एक विषय भूशास्त्र होता, त्यामुळे नाव मला माहीत होतं : स्टिलबाइट. आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरला. थर थंड होताना वायूचे बुडबुडे त्याच्या वरच्या भागात अडकून पोकळ्या राहिल्या. पुढं खडकात झिरपणाऱ्या गरम पाण्यानं त्या पोकळ्यांत खनिजं आणून बसवली. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी, अकीक ही सगळी त्याच घरातली. आणि जिथं पोकळ्या अशा भरून जातात, तिथं भूजलाला राहायला जागा कमी उरते. भावाला जे नको होतं आणि मला जे सापडलं होतं, त्याचं कारण एकच होतं.

त्या रात्री मी स्टिलबाइटच्या सूत्रावरून वहीत हिशेब केला. त्याच्या वजनाचा सुमारे सहावा हिस्सा पाणीच असतो, स्फटिकाच्या रचनेत अडकून बसलेलं. भावाला मी हे सांगितलं नाही. पुढं त्या विहिरीत आडवे बोअर मारल्यावर थोडं पाणी लागलं, पण तोवर निम्मी झाडं गेली होती. मी पाटीभर दगड साडीच्या चिंध्यांत गुंडाळून एसटीनं घरी आणले.

आज आमच्याकडचा प्रत्येक दागिना कुठल्या विहिरीतल्या, कुठल्या खाणीतल्या दगडाचा आहे हे आम्ही गिऱ्हाइकाला लिहून देतो. ती सवय त्या पाटीपासूनची.

आमचे हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये एका कारखान्यात टूलरूमला. पोलाद घासून मायक्रॉनमध्ये माप आणायचं, हे त्यांचं रोजचं काम. सुट्टीच्या दिवशीही हात गप्प बसत नसे. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये एक व्हाइस, कानशींचा संच आणि भंगारातून आणलेली पितळेची, तांब्याची तुकडेताकडे. मी दगड घेऊन आले तेव्हा ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी टेबलावर बघते तर अबोली रंगाचा तो मोठा गठ्ठा तांब्याच्या तारेच्या तीन पायांवर उभा. तार कुठंही दगडावर दाबलेली नाही, फक्त खालून टेकू. आमचं पहिलं एकत्र काम ते. विकलेलं नाही, विकणारही नाही.

मग रविवार ठरून गेले. सकाळी फटफटीवर फुलंब्री, कन्नड, भोकरदनच्या बाजूला कुठं विहीर चालू आहे, कुठं खडी क्रशरला दगड येतो आहे ते बघायचं. मालकाला विचारल्याशिवाय एकही खडा उचलायचा नाही, आणि लेण्यांच्या, किल्ल्यांच्या, लोणारच्या हद्दीतला दगड तर हातातही घ्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. बहुतेक ठिकाणी लोक म्हणायचे, “न्या की, ते रस्त्यावरच टाकायचंय.” दुपारनंतर हे शेडमध्ये आणि मी मोरीत, जुना दातघासणीचा ब्रश घेऊन दगड धुवायला. ॲसिडनं धुऊ नये हे मला माहीत होतं. कॅल्साइट ॲसिडात फसफसून विरघळतं, आणि स्टिलबाइटसारख्या झिओलाइट खनिजांचीही चमक जाते.

चांदीकडे वळलो ते २०१७ मध्ये. एका अकिकाला अंगठीत बसवायचं मनात आलं आणि ह्यांच्या लक्षात आलं की पोलादाची विद्या इथं पुरत नाही. शहरातल्या सराफ्यात एक वयस्कर सोनारकाका होते. दुकान म्हणजे जिन्याखालची सहा बाय आठची जागा. त्यांच्याकडे कुणी शिकायला येत नव्हतं, मुलं दुसऱ्या कामाला लागली होती. आठ महिने हे दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. मीही बऱ्याचदा जायची.

तिथं पाहिलेली एक गोष्ट मला आजही जशीच्या तशी दिसते. काकांनी चांदीच्या पट्टीचं गोल कडं वळवलं, टोकं इतकी जुळवली की फट दिसेना. सांध्यावर टाकणखार पाण्यात उगाळून लावला, त्यावर डाखाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा, मोहरीएवढा तुकडा चिमट्यानं ठेवला. बागेसरीतला, म्हणजे सोनाराच्या शेगडीतला, कोळसा फुलवून तोंडात फुंकणी धरली. ह्यांना वाटलं आता ज्योत सांध्यावर जाणार. काका ज्योत सांध्यापासून लांब, कड्यावर गोल गोल फिरवत राहिले. टाकणखार आधी लाहीसारखा फुलला, मग बसला, मग काचेसारखा पारदर्शक झाला. चांदी मंद लालसर दिसू लागली. आणि एका क्षणी डाखाचा तो दाणा स्वतःच पाझरून सांध्यातून रुपेरी रेघेसारखा पळाला. काकांनी लगेच ज्योत काढली. म्हणाले, “डाख तापवायचा नसतो. दागिना तापवायचा. डाख उष्णतेच्या मागं येतो.” मग कडं पाण्यात, मग तुरटीच्या गरम पाण्यात, आणि काळं पडलेलं अंग पांढरं फटक.

तार ओढणंही तिथंच. जंतराच्या, म्हणजे भोकं असलेल्या पोलादी पट्टीच्या, एका भोकातून दुसऱ्या बारीक भोकात तार ओढत गेलं की चांदी कडक होते, मग तिला भाजून मऊ करायचं, पुन्हा ओढायची. शुद्ध चांदी दागिन्याला फार मऊ, म्हणून ९२.५ भाग चांदी आणि ७.५ भाग तांबं मुशीत वितळवायचं. पोलादात हाताचा जोर जमेस असतो, चांदीत तो आवरावा लागतो. हे सुरुवातीला प्रत्येक कोंदण जास्त दाबायचे. आठ महिन्यांनी काकांनी त्यांच्या हातातलं काम उलटंसुलटं करून पाहिलं आणि फक्त “बरं” म्हणाले. त्या एका शब्दाचा आनंद ह्यांना अजून पुरतो आहे.

काका २०२० मध्ये गेले. त्यांची फुंकणी आमच्या शेडमध्ये आहे. आता गॅसची टॉर्च वापरतो, पण ती फुंकणी खिळ्याला टांगलेली आहे.

२०१९ ची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमचं आजचं काम तिच्यामुळे असं आहे. बचत गटांच्या प्रदर्शनात आम्ही गळ्यातली थोडी पदकं विकली होती. त्यातल्या एका ताईंच्या पदकाची वरची कडी तुटली म्हणून त्या घेऊन आल्या. आत स्टिलबाइटचा छोटा गठ्ठा, चार नखांत धरलेला. त्यांना संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. ह्यांनी दगडावर ओल्या चिंधीची घडी ठेवली आणि कडीला डाख द्यायला घेतला. चांदी उष्णता फार वेगानं वाहून नेते, चिंधीनं ती थांबत नाही. डाख छान धावला. चिंधी काढली तर दगड दुधासारखा पांढरा पडलेला, पापुद्रे सुटलेले, बोट लावताच भुगा.

१७५६ मध्ये क्रोन्श्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं अशा खनिजाला ज्योत दिली, तेव्हा ते उकळल्यासारखं फुगून वाफ सोडू लागलं. म्हणून त्यानं नाव दिलं झिओलाइट, ग्रीकमध्ये ‘उकळणारा दगड’. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण शेजारी बसून काम करणाऱ्या नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं मी माझा दगड बघत होते आणि ते त्यांची चांदी. ताईंना आम्ही पैसे परत केले आणि दुसरं पदक करून दिलं. त्या चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. पण तो दगड भावाच्या विहिरीतला होता, त्याचं आम्हा दोघांनाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी सुरू झाली. शेडमध्ये जाणाऱ्या प्रत्येक दगडासोबत माझ्या हातची एक चिठ्ठी जाते : नाव, गाव, कठीणपणा, कुठल्या दिशेनं फुटतो, उष्णता किती सोसतो, पाण्यात चालतो का. हे चिठ्ठी वाचूनच तार निवडतात. चिठ्ठीनंच आमचा माल ठरवला. अकीक, जास्पर, गारगोटी यांचा कठीणपणा १ ते १० च्या मोह्ज मापावर ७ च्या आसपास, काचेला ओरखडा काढतील असे. ते अंगठीत, बांगडीत चालतात. स्टिलबाइट साडेतीन ते ४, अपोफिलाइट पाचाच्या आत आणि एका दिशेला सरळ चिरतो. त्यांची अंगठी आम्ही करत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी. स्वयंपाक, भांडी, धुणं करणाऱ्या हातात तो दगड महिनाभरही टिकणार नाही, हे माहीत असताना विकणं बरोबर नाही. त्यांची पदकं, कानातलं, नाहीतर टेबलावर ठेवायची बैठक. आणि सगळे डाख संपल्यावर, दागिना धुऊन गार झाल्यावर, शेवटी दगड बसतो. दुरुस्तीला आलेल्या दागिन्यातला दगड आधी काढला जातो, मग ज्योत पेटते.

अकिकाबद्दल आम्हाला जास्त जिव्हाळा आहे, त्याचं कारण पैठण आणि तेर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्री व्यापाराच्या पुस्तकात पैठणहून बैलगाड्यांनी भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालात पट्ट्यांच्या अकिकाच्या जातीचे दगड आहेत. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे त्यातलं तगर. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आम्ही गेलो तेव्हा हे जुन्या मण्यांसमोरून हलेनात. मणी सुंदर आहेतच, पण ह्यांची नजर भोकांवर. “हिऱ्याचं ब्लेड नाही, मोटर नाही, आणि सातच्या दगडाला आरपार सरळ भोक.” परतीच्या एसटीत ते सोलापूरकडचा फाटा येईपर्यंत त्याबद्दलच बोलत होते.

धंदा म्हणून नोंदणी २०२१ ची. एका बँकेत अधिकाऱ्यानं फाइल न उघडता सांगितलं, “हा छंद आहे वहिनी, उद्योग नाही.” दुसऱ्या बँकेनं मुद्राचं शिशु कर्ज दिलं, ५० हजार. त्यातून दगड कापायचं छोटं यंत्र आणि पॉलिशचं चाक आलं. कर्ज फिटलं. हे अजून नोकरीत आहेत, मी पूर्ण वेळ. दोन मुली मदतीला येतात, दोघी जवळच्याच वस्तीतल्या.

कापण्याबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते, कारण घरी हे करू बघणारे बरेच जण विचारतात. गारगोटी, अकीक कधीही कोरडा कापू नका, घासू नका. ती धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांच्या कित्येक पिढ्यांनी सिलिकोसिस भोगला आहे. ब्लेडवर पाणी चालू पाहिजे, तोंडाला चांगला मास्क पाहिजे, आणि सांडलेला गाळ ओला असतानाच पुसला पाहिजे. पाणी मात्र आमच्याकडे मोजून. कापण्याचं पाणी तीन बादल्यांत निवळत जातं आणि पुन्हा यंत्रात येतं. आमच्या भागाला टँकर सुरू झाला की यंत्र बंद. त्या महिन्यांत फक्त चांदीचं काम. ऑर्डर उशिरा जाते, गिऱ्हाइकाला आधीच तसं सांगतो.

चांदी २०२५ मध्ये किलोला लाखाच्या वर गेली, तेव्हा मोठे नग कमी केले आणि तांब्या-पितळेच्या बैठका वाढवल्या. त्यालाही गिऱ्हाईक मिळालं. शाळांनी खनिजांचे संच मागितले, ते मी स्वतः लावते, बारा खडे, प्रत्येकाची चिठ्ठी. पैसा त्यात फार नाही. पण भोकरदनच्या एका शाळेत सातवीतला मुलगा म्हणाला, “बाई, हे तं आमच्या बांधावर पडलेलं हाय,” आणि दुसऱ्या दिवशी दप्तरातून सात दगड घेऊन आला. त्यातला एक अपोफिलाइट होता, टोकासकट शाबूत. मी तो त्याच्याकडेच ठेवायला सांगितला आणि कागदात कसा गुंडाळायचा ते दाखवलं.

गेल्या महिन्यात भावानं पुन्हा फोन केला. शेजारच्या शेतात विहीर चालू आहे, ४० फुटांवर पांढऱ्या सुयांचे गोळे निघाले. बहुतेक स्कोलेसाइट. “आणि पाणी?” मी विचारलं. म्हणाला, “लागलंय, अक्का. परसभर आहे.” परसभर म्हणजे पुरुषभर खोल. सुयांचे दोन गोळे रद्दी आणि कापसात बांधून काल आले. चिठ्ठी लिहून झाली आहे. हे आज रात्रपाळीहून आले की तार ओढायला घेतील.