दाभोळ ते गोवळकोट: स्टीअरिंग घट्ट असेल तर बोट धक्क्यालाच ठेवा

"थोडं घट्ट आहे, चालवलं की मोकळं होईल." जुन्या आउटबोर्ड बोटीच्या, म्हणजे मागे बाहेरून इंजिन लावलेल्या बोटीच्या स्टीअरिंगबद्दल कोणी असं सांगितलं, तर त्या बोटीत चढू नका. चालवून ते मोकळं होत नाही, आणखी घट्ट होतं. आणि जिथे पूर्ण अडकायला नको नेमकं तिथेच अडकतं, कारण जोरात चाक फिरवायची वेळ वळणावरच येते.

आमचा बेत साधा होता. दाभोळहून वाशिष्ठी नदीतून वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जायचं, वाटेत मालदोलीला मुक्काम, आणि ओहोटी धरून परत. कागदावर हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28, दाभोळच्या मुखापासून पेढे गावाच्या पुलापर्यंत सुमारे 45 किलोमीटर. नाव ऐकून खोल, खुणा केलेली वाट डोळ्यांपुढे आणू नका. खारफुटीची बेटं, ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे आणि जाळ्यांचे खुंट हेच खरं चित्र आहे. अशा पाण्यात सुकाणूवर पूर्ण हुकमत हवी. लाइफ जॅकेट, नांगर, वल्ही हे सांगत बसत नाही, ते तुमच्याकडे असेलच.

बोट मित्राची. फायबरची, पुढे चाक, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक मशीन. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती आणि चाक दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. बंदरावरच्या एका मेकॅनिकने पाहिलं, "केबल सर्व्हिसिंग" म्हणून अडीच हजार रुपये घेतले. काम काय केलं? इंजिनाजवळच्या निपलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या टोकातून, ग्रीस गनने भरपूर ग्रीस मारलं आणि केबलच्या तोंडात तेल ओतलं. अर्धा तासही लागला नाही. चाक जरा हललं, आम्ही निघालो.

हे अडीच हजार पूर्ण वाया गेले, एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. त्या ग्रीसनेच बोट अडकवली. का, ते समजून घ्या. अशा बोटीत चाकापासून निघालेली केबल मागे येते आणि तिच्या टोकाला स्टीलची एक दांडी असते, तिला रॅम म्हणतात. ही दांडी इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून, म्हणजे ज्या आडव्या नळीवर इंजिन वर-खाली होतं तिच्यातून, आत-बाहेर सरकते आणि एका लिंक आर्मने इंजिनाला वळवते. नळीचं एक टोक उघडं. तिथून खारं पाणी शिरतं, जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट बसतं, त्यात गंज मिसळतो. वरून नवीन ग्रीस दाबलं की ते जुन्या थराला हलवत नाही, मोकळी जागा भरत बसतं. त्यातही दांडी बाहेर आलेली असताना ग्रीस मारलं तर नळीतली पोकळी गच्च भरते. मग दांडीला परत यायला जागाच उरत नाही. म्हणून नियम असा, की दांडी पूर्ण नळीत घ्यायची आणि मगच निपलला ग्रीस लावायचं. आमच्या मेकॅनिकने उलट केलं होतं.

फेरीबोटीचा दाभोळ-धोपावे मार्ग ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे भरती मागून ढकलत होती. एका वळणावर खुंट चुकवायला चाक पूर्ण फिरवलं आणि ते परत येईना. भरती मागे असताना बोट पाण्याबरोबर वाहते, पंख्याच्या जोरावर वळायला तिला वेळ लागतो. इथे तर वळणच होत नव्हतं. गिअर काढून नांगर टाकला तेव्हा चिखलाचा पट्टा हाताच्या अंतरावर होता. उतरून बोट ढकलू म्हणाल, तर विसरा. या खाडीत मगरी आहेत. मालदोलीच्या परिसरात त्या पाहायला लोक मुद्दाम येतात. गुडघाभर पाण्यातसुद्धा पाय टाकायचा नाही.

आमच्याबरोबर वेलदूरचे एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारे अनुभवी खलाशी, होते. वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत होतो. मित्र चाकाला लोंबकळायला लागला तसे ते ओरडले, "सोड रे ते! तुटलं तर मशीन गरकन फिरेल आणि आपण पाण्यात." हे अक्षरशः खरं आहे. लिंक सुटली किंवा तुटली आणि इंजिन वेगात असेल तर ते एका बाजूला आपटतं आणि बोट जागच्या जागी वळते. माणसं अशीच बाहेर फेकली जातात. जोर लावून चाक सोडवायचा प्रयत्न कधीच करू नका.

मामांनी इंजिन बंद करायला लावलं आणि लिंक आर्मचा बोल्ट काढला. इंजिन हाताने सहज फिरलं. म्हणजे इंजिनाचा सांधा चांगला, दोष नळीत किंवा केबलमध्ये. मग ते मागे बसून इंजिन हाताने धरून राहिले, मित्र पुढे गिअरवर, आणि अगदी कमी वेगावर भरतीच्या आधाराने आम्ही मालदोलीला लागलो. हा उपाय फक्त जवळचा धक्का गाठण्यापुरता आहे. थ्रॉटल वाढवला की इंजिन माणसाच्या हातात राहत नाही. दुसरी बोट ओढायला मिळत असेल तर दोर टाका, पैसे द्या, मोकळे व्हा.

धक्क्यावर जे केलं ते तुम्ही निघण्याआधी घरीच करा. यात खास हत्यार लागत नाही, एक मोठा पाना, हातोडी आणि सकाळचे काही तास पुरतात; दांडी गंजून बसली असेल तर आदली रात्रही धरा.

आधी लिंक काढून इंजिन हाताने फिरवा. तेच घट्ट असेल तर स्विव्हल ब्रॅकेटच्या, म्हणजे इंजिन ज्या सांध्यावर डावीउजवीकडे वळतं त्याच्या, निपलना ग्रीस द्या आणि देता देता इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा. केबलला दोष देऊ नका. इंजिन मोकळं असेल तर लिंक सुटलेली ठेवूनच चाक फिरवून पाहा. अजून घट्ट? मग नळीच्या टोकाचा मोठा नट सोडवा आणि दांडी नळीतून ओढून काढा. आता चाक हलकं झालं तर गुन्हेगार नळी. तरीही घट्ट राहिलं तर डॅशमागे जाऊन केबल चाकाच्या गिअरपासून वेगळी करा. गिअर बोटाने फिरत असेल तर केबल संपली. संपलेल्या केबलला उपाय नाही. आतली तार प्लास्टिकच्या अस्तरात बंद असते, बाहेरून तेल ओतून काही होत नाही. आवरणाला चीर गेली, पाणी शिरलं, तार फुगली की ती फेकायची. "केबल सर्व्हिसिंग" नावाचं काम कोणी विकत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

दांडी सहज निघत नाही. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोका. थेट लोखंडी हातोडी मारली तर दांडीचं टोक फुगतं आणि मग ती नळीतून जातच नाही. आम्हाला एकाने गॅसचा बर्नर लावा म्हणून सांगितलं. साफ नाही म्हणा. बाजूला पेट्रोलची टाकी आणि नळ्या आहेत, शिवाय केबल वाचवायची असेल तर उष्णतेने तिचं आतलं अस्तर वितळतं. नळी साफ करायला बांबूच्या काठीला पॉलिश पेपर गुंडाळा, नंतर रॉकेलचं फडकं, आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. आमच्या नळीतून निघालेला काळा-तपकिरी चिखल पाहून मामा गप्पच झाले. मग पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस दांडीवर पातळ लावायचं. गाडीच्या चाकांना लावतात ते साधं ग्रीस खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

आमच्या बोटीत नळी साफ झाली तरी केबल घट्टच होती. कारणही दिसलं, आधीच्या कुणीतरी ती बॅटरीच्या मागून काटकोनात दुमडून नेली होती. नवीन केबल मुंबईहून मागवावी लागली. मागवताना जुन्या केबलच्या आवरणावरची लांबी वाचा, ती बहुधा फुटांत छापलेली असते. चाकामागच्या गिअरचा मेकही कळवा, कारण कुठलीही केबल कुठल्याही गिअरला बसत नाही. गिअर जुना आणि ढिला असेल तर अख्खा सेट बदला. जुनी केबल ओढून काढायच्या आधी तिला दोर बांधा, म्हणजे नवीन केबल त्याच वाटेने येईल. केबलचं वळण मोठं आणि सैल ठेवा. लिंकचे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप सैल न होणारे) नवेच घाला, एकदा सोडवलेले परत वापरू नका. शेवटी इंजिन पूर्ण खाली आणि पूर्ण वर अशा दोन्ही स्थितींत चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा, केबल पेट्रोलच्या नळीला घासत नाही ना याची खात्री करा.

एक गोष्ट वेगळी ओळखा. उभ्या बोटीत चाक हलकं आहे, पण वेगात एकाच बाजूला जड लागतं आणि बोट एकीकडे ओढते, तर ती केबल नव्हे. पंख्याच्या वर ट्रिम टॅब नावाची एक छोटी, वळवता येणारी पट्टी असते. बोट उजवीकडे ओढत असेल तर टॅबची मागची कड उजवीकडे वळवा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. थोडी थोडी वळवून पाहा. यासाठीही लोकांनी नव्या केबलचे पैसे मोजलेले मला माहीत आहेत.

केबल बदलल्यावर गोवळकोटपर्यंतचा प्रवास छान झाला. चाक एका हाताने फिरत होतं, मी अक्षरशः हसत होतो. किल्ला पाहिला, मासे खाल्ले.

भरतीचं गणित पक्कं करून निघा. जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा मुंबईचा अंदाज, दाभोळला भरती थोडी आधी येते आणि खाडीत वर गोवळकोटला उशिरा पोचते. म्हणून दाभोळहून भरती सुरू झाल्यावर निघा, तीच तुम्हाला वर नेईल. मात्र वर चिपळूणच्या बाजूला फक्त समुद्राचा हिशोब चालत नाही. कोयना प्रकल्पात वीज तयार करून झालेलं पाणी वाशिष्ठीतच सोडलं जातं, त्यामुळे ओहोटीची ओढ कधी अपेक्षेपेक्षा जास्त लागते. परतताना या ओढीत वळणं लवकर घ्यायला सुरुवात करा. उधाणाच्या दिवशी पहिल्यांदा जाऊ नका, अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस, निवडा. पाणी शांत असतं आणि पट्टे कमी उघडे पडतात.

आणि जूनमध्ये बोट वर ओढाल तेव्हा चाक फिरवून दांडी पूर्ण नळीच्या आत घेऊन ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने बाहेर राहिलेली दांडी गंज धरते आणि ऑक्टोबरमध्ये तोच गंज नळीत ओढला जातो. शक्य असेल तर दांडी काढून, पुसून, ग्रीस लावून परत घाला. महिन्यातून एकदा शेडमध्ये जाऊन चाक दोन्ही टोकांना फिरवा, आणि परत येताना दांडी पुन्हा आत घ्या.