उलटी अक्षरं

आमच्या सिनेमा कंपनीचा लोगो सहा सेकंदांचा आहे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १४४ फ्रेम. तेवढ्यासाठी आम्हा तिघांचे दोन महिने गेले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

लहानपणी पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबू टॉकीज यायची. मार्गशीर्षातली थंडी, अंगावर घोंगडी. पडदा तंबूच्या मधोमध. पुढं बाप्ये, आम्ही बायका-पोरी पडद्याच्या मागल्या अंगाला. त्यामुळे सगळ्या कंपन्यांची नावं मी उलटीच बघितली. 'प्रभात'ची तुतारी फुंकणारी बाई मात्र मागूनही तेवढीच देखणी दिसायची. तिला वाचावं लागत नव्हतं. पुढे दूरदर्शनवर 'संत तुकाराम' लागला तेव्हा ती भलतीकडे तोंड करून उभी! टीव्हीवाल्यांचंच काहीतरी चुकलंय, असं मी आईला सांगितलं होतं.

१९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढलेली कंपनी ती. १९३३ मध्ये पुण्याला आली. त्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कंपनी कधीच मिटली, पण पहाट म्हणजे काय ते एक बाई आणि एक वाद्य अजून सांगतात. आपण कुठून आलो ते लोगोत दिसलं पाहिजे, हे मी तिच्याकडून शिकले. फिरणारी पृथ्वी आणि सोनेरी अक्षरं मला म्हणूनच नको होती.

आम्ही मांजरपाटाचा पडदा शिवून घेतला आणि माळावर दोन बांबूंना ताणला. कॉम्प्युटरवर कापड करता येतं, पण वाऱ्यानं फुगून परत बसणारं कापड खरंच हवं. अंधारात झोत पडतो, नाव उलटं उमटतं, कॅमेरा पडद्याच्या कडेनं वळून पुढं येतो आणि नाव सुलट होतं. बस्स.

आवाजासाठी वाईजवळच्या एका ऑपरेटरकाकांकडे गेलो. त्यांचं ३५ एमएमचं प्रोजेक्टर मशीन चालू होतं. नुसतं फिरवलं तर आवाज पोकळ येईना का, म्हणून मी रेकॉर्ड करायला लागले, तर काकांनी थांबवलं. रद्दी रीळ चढवलं. माल्टीज क्रॉस, म्हणजे मशीनमधलं थांबत थांबत फिरणारं चाक, एकेक फ्रेम ओढून थांबवतो, त्या धक्क्यानं रीळ फडफडतं, आणि खरी खडखड तीच. सेकंदाला चोवीस धक्के. लोगोत संगीत नाही, एवढंच आहे.

परवा प्रिव्ह्यूला आईला नेलं. आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट, मग आम्ही. उलटं नाव उमटलं तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "आपल्या बाजूनं दिसतंय की गं."

मिक्सिंगमध्ये खडखड अजून थोडी वर घ्यायची आहे.