फ्रेंचच्या बाई आणि मराठीतलं व्याकरण

आमच्या वेळी फ्रेंच घ्यायचं ते मार्कांसाठी, असं सगळेच म्हणायचे. गाइडमधले तक्ते घोकायचे आणि पेपरात उतरवायचे. आमच्या बाईंनी तसं शिकवलं नाही, आणि तरीही मार्क भरपूर पडले. त्याबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं.

खरी धास्ती होती पासे काँपोझेची. हा भूतकाळ कधी 'आव्वार' (जवळ असणं) या सहाय्यक क्रियापदानं होतो, कधी 'एत्र'नं (असणं). बाईंनी तक्ता बाजूला ठेवला आणि फळ्यावर चक्क मराठी लिहिलं: तो गेला, ती गेली, त्या गेल्या. खाली लिहिलं: इल ए ताले, एल ए ताले, एल सों ताले. जाणं, येणं, पोचणं, जन्मणं, मरणं ही क्रियापदं एत्र घेतात आणि कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात, अगदी आपल्यासारखी. मग दुसरी ओळ: त्यानं पत्र लिहिलं, त्यानं चिठ्ठी लिहिली. इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदललं. फ्रेंचमध्येही बदलतं, पण कर्म आधी आलं तरच. 'जे एक्री यून लेत्र' (मी एक पत्र लिहिलं) यात काही बदल नाही. 'ला लेत्र क जे एक्रीत' (मी लिहिलेलं पत्र) म्हटलं की लेत्र आधी आली, म्हणून क्रियापदाच्या शेवटी ई (e) लागला. जो नियम भल्याभल्यांना छळतो, तो आम्हांला एका तासात कळला, कारण अर्धा तो आमच्या तोंडात होताच.

निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचंही आम्हांला नवल नव्हतं. फक्त आपलं 'ते टेबल' तिकडे स्त्रीलिंगी. म्हणून शब्द नेहमी आर्टिकलसकट, म्हणजे लिंग दाखवणाऱ्या 'ल' किंवा 'ला'सकट, पाठ करायचा, नुसता नाही, हा बाईंचा दंडक. शब्दांच्या वहीत पुल्लिंगी निळ्या शाईत, स्त्रीलिंगी लाल. '-आज' (-age) या प्रत्ययानं संपणारे शब्द बहुधा निळे. प्लाज, पाज, काज, इमाज हे अपवाद लाल चौकटीत. पेपर लिहिताना शब्दाआधी शाईचा रंग आठवायचा.

आकड्यांवर बाई फार थांबल्या नाहीत. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सरळ 'सेप्तांत' म्हणतात, हे ऐकून वर्गानं सुस्कारा सोडला होता.

वाक्प्रचारांबाबत मात्र त्या कडक होत्या. भूक, तहान, भीती, वय, सगळं आव्वारनं सांगायचं, हे पक्कं झाल्याशिवाय पुढचं काही नाही. पत्रलेखनात वाक्प्रचार कोंबलेले त्यांना खपत नसत. एखादाच चपखल बसला की समासात 'त्रे ब्यां' (फार छान) यायचं.

आणि दिक्ते, म्हणजे श्रुतलेखन! बाई आधी सगळा उतारा सलग वाचत. मग तुकड्यातुकड्यानं, विरामचिन्हांसकट: 'व्हिर्ग्युल' (स्वल्पविराम), 'प्वँ' (पूर्णविराम), 'प्वँ, आ ला लीन्य' (पूर्णविराम, नवी ओळ). शेवटी पुन्हा एकदा सलग. 'इल ए ताले' आणि 'एल ए ताले' यांत क्रियापद कानाला एकच. स्त्रीलिंगाचा तो जादा ई ऐकूच येत नाही, तो व्याकरणानंच कळतो. म्हणून शेवटच्या वाचनात आम्ही अक्षरं तपासत नसू, प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधत असू.

यंदा फ्रेंचच्या परीक्षेला बसणाऱ्यांना एक सांगतो: दिक्तेचा सराव एकट्यानं करू नका. मित्राला उतारा मोठ्यानं वाचायला लावा, आणि त्याचा झाला की तुम्ही वाचा.