श्रावणातल्या गोगलगायी

सोमवार, रात्री

आमच्या माशांच्या टँकची खरी शिरगणती दिवा मालवल्यावरच होते. दिवसभर खड्यांत दडून बसलेल्या लांबट, टोकदार शंखाच्या गोगलगायी अंधार झाला की वर येतात. या ट्रम्पेट स्नेल. काचेवर आणि पानांवर फिरतात त्या वेगळ्या, टपोऱ्या पोटाच्या, ब्लॅडर स्नेल. दोन्हीपैकी एकही मी विकत घेतलेली नाही. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या जुडीबरोबर फुकट आल्या. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, "असू देत की भावा, काच साफ करतात!"

ते खोटंही नाही. शेवाळ, सडकं पान, माशांनी टाकलेलं खाणं हाच त्यांचा आहार. चारदोन असत्या तर मी काही बोललो नसतो. पण आज टॉर्च मारला तर पाण्याच्या रेषेशी काच दिसेना.

भिंग घेऊन एक पान उलटं करून पाहिलं. शिजलेला साबुदाणा पानाला चिकटावा तसा पारदर्शक पुंजका, आत बारीक ठिपके. त्यातले काही ठिपके हलत होते. ब्लॅडर स्नेल उभयलिंगी असते, जोडीदार मिळाला नाही तरी एकटीच अंडी घालते. ट्रम्पेटचं आणखीच भारी, तिच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लंच देतात. म्हणजे निवडून काढताना एक जरी राहिली तरी पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक गंमत दिसली. ब्लॅडर स्नेलचा शंख टोक वर करून समोर धरला की तोंड डाव्या बाजूला येतं. बहुतेक शंखांचं उजवीकडे असतं. आईला दाखवलं. म्हणाली, "ती माझ्या स्वयंपाकघरातली वाटी आहे, ती आधी जागेवर ठेव."

मंगळवार

आज आईनं विषय काढलाच. "श्रावण चाललाय. घरात जीव मारायचा नाही. डब्यात भर आणि रंकाळ्यावर सोडून ये की."

आमच्याकडे हे जुनंच. पिंजऱ्यात उंदीर सापडला की पलीकडच्या गल्लीत. मांजरीची पिल्लं मंडईजवळ. कुणाचं तरी कासव पंचगंगेत. पाप आपल्या हातून घडलं नाही म्हणजे झालं, पुढं त्या जिवाचं आणि त्या गल्लीचं काय होतं ते बघायला कोण जातंय? मला तरी यात दया दिसत नाही. हा हात झटकण्याचा सोवळा प्रकार आहे.

आईला १८४७ची गोष्ट सांगितली. विल्यम बेन्सन नावाच्या ब्रिटिश शंखसंग्राहकानं मॉरिशसहून मोठ्या आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि तिथल्या एका बागेत त्या सुटल्या. आज ती जात देशात कुठं कुठं पोचलीय ते शेतकऱ्यांना विचारावं. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब रातोरात फस्त केले होते. औशाचा मावसभाऊ तेव्हा गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर अंथरायचा आणि पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी बादलीनं वेचायचा. दुबार पेरणी केलीच, ती वेगळी. आईला ते सगळं आठवत होतं, कारण तेव्हा मावशीचा रोज फोन यायचा.

"पण ती शेतातली," आई म्हणाली. "ही पाण्यातली."

बरोबर आहे. माझ्या टँकमधली सोयाबीन खायला बांधावर चढणार नाही. पण पाण्यातल्यांचीही तशीच गोष्ट आहे. दुकानात पिवळ्याधमक शंखाची, लिंबाएवढी गोगलगाय मिळते, तिला मिस्ट्री स्नेल म्हणतात. तिची जवळची भावकी म्हणजे दक्षिण अमेरिकेतली गोल्डन अ‍ॅपल स्नेल. १९८०च्या आसपास ती खाण्यासाठी म्हणून तैवानला नेली. लोकांना चव आवडली नाही आणि ती भातखाचरात उतरली. तिथून फिलिपिन्ससह निम्म्या आग्नेय आशियात तिनं भाताची रोपं कुरतडली. आपल्याकडे आजऱ्याला, गगनबावड्याला, राधानगरीला भातच भात. टँकमधली गोगलगाय नेमकी कुठल्या जातीची हे दुकानदार सांगत नाही, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू तर माझ्या भिंगालाही ओळखू येत नाही.

पुतण्यानं वकिली केली. "काका, रंकाळ्यात असल्या गोगलगायी आधीच असतील की." असतीलही. ब्लॅडर स्नेल मूळची अमेरिकेतली मानतात, पण ती आता जगभर झालीय. तरी डब्यातून नुसती गोगलगाय जात नाही. ते पाणी जातं, पाण्यातले परजीवी जातात, परदेशी पाणवनस्पतीचा तुकडा जातो. जलपर्णीसुद्धा कुणी तरी फूल सुंदर म्हणूनच आणली होती, आणि जलपर्णी म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. सकर माशाचंही तेच. टँकमध्ये मावेनासा झाला की लोक नदीत सोडतात, आणि तो उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यात येतो.

आई गप्प बसली. म्हणजे पटलं असं नाही.

गुरुवार

दुकानात गेलो होतो. पहिला उपाय एक बाटली. "चार थेंब टाका, सकाळी एक दिसणार नाही." बाटलीवर घटक वाचले तर तांबं. म्हणजे द्राक्षबागेत मारतात त्या मोरचुदाचाच भाऊबंद. गोगलगायी मरतात, खरं आहे. कोळंब्या असतील तर त्याही मरतात. आणि खड्यांत मेलेल्या शेकडो गोगलगायी कुजून अमोनिया वाढला की पाळी माशांची. तांबं टँकमध्ये मागं राहतं ते आणखी वेगळं.

दुसरा उपाय त्यानं जाळीत धरून दाखवला. पिवळसर अंगावर बारीक उभे पट्टे, तोंडाशी मिशा. झेब्रा लोच. "गोगलगाय शंखातून ओढून खातो." खातोच. पण हा मासा कुठला? सह्याद्रीतला, आपल्याच कृष्णेच्या खोऱ्यातला! जगात दुसरीकडे कुठं नाही, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. माझ्या काचेवरच्या फुकट्या गोगलगायी खायला घाटातल्या ओढ्यातून तो उचलून आणायचा, हे गणित काही जमेना. दुकानदाराला म्हटलं तर हसला. "सर, तुम्ही नाही नेला तर दुसरा नेईल." असेल. पण तो दुसरा मी नाही.

क्लाउन लोचबद्दल बोललोच नाही. तो फूटभर वाढतो, आमचा टँक दोन फुटी. अ‍ॅसॅसिन स्नेल म्हणजे गोगलगाय खाणारी गोगलगाय, तीही होती. एका पाहुण्याला घालवायला दुसरा बोलवायचा आणि मग त्याचीही सरबराई करायची. राहू दे.

शनिवार

काकडीचा सापळा चालतो. उकळत्या पाण्यात बुडवून काढलेला जाड काप काट्याला टोचून रात्री टँकच्या तळाशी ठेवायचा, उजाडायच्या आत उचलायचा. आज काप वर आला तो काळाभोर, लोंबणाऱ्या गोगलगायींनी लगडलेला. बादलीत झटकला आणि काकडी पुन्हा लावली.

पण सापळा हा वरवरचा इलाज. गोगलगायी किती होणार हे अन्नावर ठरतं. आमच्याकडे पुतण्या येता-जाता चिमूटभर दाणे टाकतो, आणि माझं लक्ष नसलं की वहिनीही. मासे खातात तेवढं खातात, उरलेलं खड्यांत जातं आणि रात्री तिथं पंगत बसते. दाण्यांची डबी आता माझ्या कपाटात आहे. दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच. खड्यांतला गाळ सायफननं ओढून घेतला. हे पाणीही गटारात नाही ओतलं, गच्चीवरच्या कुंड्यांत गेलं. सडकी पानं उन्हात कडकडीत वाळवून मगच कचऱ्यात.

आठवड्यातून एक दिवस माशांना काहीच द्यायचं नाही, असंही ठरवलं. धडधाकट माशांना त्यानं काही होत नाही. हे आईला एकदम पसंत. "सोमवार धर," म्हणाली.

आता बादलीतल्यांचं. मीठ टाकायचं नाही, ते त्यांच्या अंगातलं पाणी ओढत सावकाश मारतं. संडासात ओतल्या की कुठं जाणार, देव जाणे. काही जण फ्रीजरमध्ये ठेवतात, पण आमच्या फ्रीजरमध्ये श्रावणात गोगलगायी ठेवल्या तर मलाच घराबाहेर राहायला लागेल. उन्हात टाकल्या तर ट्रम्पेट झाकण लावून कितीतरी वेळ तग धरते. मग राहिला सगळ्यांत वेगवान उपाय: जाड पिशवी, गच्चीची फरशी, हातोडी. थोड्या थोड्या घेऊन एकदाच, जोरात. आवाज भाजलेला पापड मोडल्यासारखा येईल असं वाटलं होतं, तसा नाही येत. ओला येतो. सुखाचं काम नाही. पण डबा घेऊन रंकाळ्यावर जाण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

रविवार

सगळ्या मारायच्या नाहीत हेही नक्की झालं. खडे उकरणाऱ्या थोड्या ट्रम्पेट असू देत. त्यांच्यावरून पाण्याचा अंदाजही येतो: भरदिवसा सगळ्या काचेवरून वर पळायला लागल्या तर ऑक्सिजन कमी पडलाय किंवा पाणी बिघडलंय असं समजून तपासायचं.

सांगलीचा एक ओळखीचा मुलगा पी पफर पाळतो, केरळातला तो बोटाच्या पेराएवढा मासा. त्याला गोगलगायी लागतातच. त्यानं पुढच्या वेळी जिवंत मागितल्यात. ब्लॅडरच द्या म्हणाला, ट्रम्पेटचा शंख कठीण असतो, पफरचे दात खराब होतात. त्याच्याकडचे पफर पैदाशीचे आहेत का, ओढ्यातले, हे तेवढं विचारून घेतलं. पैदाशीचे आहेत. मग देणार.

नवी झाडं आली की आता थेट टँकमध्ये नाहीत. तुरटीच्या पाण्यात बुडवून, नळाखाली धुऊन, दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत. तुरटीनं गोगलगायी मरतात पण अंडी एखाद्वेळी वाचतात, म्हणून तेवढी वाट बघायची आणि भिंग हाताशी ठेवायचं.

कालचा चुरा मातीत मिसळायला गेलो. शंखात चुना, झाडाला उपयोगीच. पहिली कुंडी तुळशीची होती. मागून आईचा आवाज आला, "तिथं नको. कढीपत्त्यात घाल, आणि खोल पुर, मांजर उकरेल."